परसातला मांगर बारा महिने राहता करताना

सिंधुदुर्गात परसातल्या किंवा बागेतल्या जोडवास्तूला मांगर म्हणतात. तिथे गुरे बांधली जात, भातेण म्हणजे भाताचा पेंढा रचला जाई, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरल्या जात आणि बागेचा राखणदार तिथेच पथारी पसरी. घरोघरची गुरे कमी झाली तसे अनेक मांगर रिकामे पडले. मुंबई-पुण्याहून गावी परतणाऱ्याला मग असे वाटू लागते की या चार भिंती आतून नीटनेटक्या करून तिथे कामाची किंवा पाहुण्यांची खोली करावी. विचार चांगला आहे, कारण जांभ्याच्या भिंती आणि कौलांचे छप्पर आयते उभे असते. मात्र डिसेंबरात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैत हाताला ओली लागते, आणि हे माहीत नसलेला मनुष्य रंगापासून सुरुवात करतो.

पुढील क्रम १० × १६ फुटांचा, एकाच खोलीचा, जांभ्याचा आणि मंगळुरी कौलांचा मांगर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. माझा मांगर याच मापाचा आहे आणि पहिल्या खेपेला मी तो उलट्या क्रमाने केला होता. त्यात काय बिघडले, ते भिंतींच्या भागात सांगितले आहे.

एक पावसाळा नुसते पाहावे

काम काढण्यापूर्वी एक पावसाळा मांगर रिकामा ठेवून पाहावा, असे सांगितले की बहुतेकांचा हिरमोड होतो. तरीही कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि नैऋत्येचा वारा तो भिंतींवर आडवा मारतो. ओल कोठून येते हे त्या दिवसांतच कळते. सुताराची पेन्सिल घेऊन भिंतीवर ओलीची कड जिथे दिसेल तिथे रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. चार महिन्यांनी भिंतीवर जो नकाशा तयार होतो, तो कोणत्याही गवंड्याच्या अंदाजापेक्षा भरवशाचा असतो.

छपरातून गळणारे पाणी सर आल्यावर घटकाभरात दिसते आणि भिंतीवर तपकिरी ओघळ सोडते. झडीचे पाणी पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीवर मधल्या उंचीला, वेड्यावाकड्या डागांनी येते. जमिनीतून चढणारी ओल मात्र जवळजवळ सरळ रेषेत, दोन-तीन फुटांपर्यंत येते आणि पाऊस संपला तरी दिवाळीपर्यंत हटत नाही. चौथी ओल हवेतली असते, आणि नवखा मनुष्य हमखास तिच्या बाबतीत फसतो. पाऊस नसताना, नुसत्या कुंद हवेत जमीन घामेजते, तेव्हा पाणी खालून आलेले नसून दमट हवा गार फरशीला टेकून तिचे पाणी झालेले असते. खात्री करण्यासाठी दोन फूट चौरस जाड प्लास्टिक जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि २४ तासांनी पाहावे. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतली आहे; वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली आहे.

याच काळात कागदपत्रेही पाहून घ्यावीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मांगराची नोंद गोठा म्हणून असेल तर राहती खोली करण्याआधी परवानगीबद्दल आणि नोंद बदलण्याबद्दल तिथे विचारावे. जागा समुद्र किंवा खाडीच्या जवळ असल्यास सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, मर्यादा तपासावी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर आणि रुंदी किमान २.४ मीटर हवी. १० × १६ फुटांची खोली १५ चौरस मीटरच्या जवळ जाते, त्यामुळे तेवढ्यापुरती चिंता नसते.

बाहेरचे पाणी आधी, आतले काम नंतर

दसरा उलटला, जमीन थोडी वाळली की पहिले काम बाहेरचे घ्यावे. उतारावरच्या मांगराची एक बाजू बहुतेक वेळा दरडीला लागून असते आणि तिकडची जमीन आतल्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच असते. त्या बाजूची भिंत आतून काहीही लावले तरी कोरडी राहणार नाही. माती जोत्याच्या खाली जाईल इतकी मागे खेचावी. ते शक्य नसेल तर भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून चर खणावा, त्यात भोके पाडलेला पाइप ढाळाने टाकावा आणि वर काळ्या दगडाची मोठी खडी भरून पाणी उताराच्या बाजूला काढून द्यावे. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नये, नाहीतर पायाखालची माती सुटते.

मग वळचण पाहावी. जुन्या मांगरांची वळचण दीड फुटाची असते. पागोळ्या भिंतीजवळ पडतात आणि त्यांचे मातकट शिंतोडे जोत्याच्या वर दोन फुटांपर्यंत उडतात. छपराचे काम निघणारच असेल तर वळचण अडीच ते तीन फूट करून घ्यावी आणि पागोळी पडते तिथे तीन फूट रुंदीचा, बाहेर ढाळ दिलेला खडीचा किंवा फरशीचा पट्टा करावा. पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पावसाळाभर बांधण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. झाप दिसायला गबाळे दिसतात खरे, पण महागड्या रसायनापेक्षा त्यांनी अधिक भिंती वाचवल्या आहेत.

जांभ्याला बाहेरून गिलावा करण्याची गरज सहसा नसते. चिऱ्यांमधले सुटलेले दर्जे (सांधे) इंचभर खोल कोरून चुन्याच्या मालाने पुन्हा भरले आणि माल चांगला दाबून घेतला की पुरते. बाहेरून लावायचेच असेल तर दगडाच्या छिद्रांत मुरणारे सिलेनचे जलरोधक लावावे. चकाकणारे वार्निश लावू नये, कारण त्याची साय पाण्याला आत येऊ देत नाही तशीच आत अडकलेल्या ओलीला बाहेरही जाऊ देत नाही.

छप्पर

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही खाचेची कौले किनाऱ्याभर पसरली. जुन्या कौलांवर कारखान्याचे नाव उमटलेले असते, आणि शंभरी गाठलेली कौले आजही छपरावर आढळतात. म्हणून सगळी कौले टाकून नवी घेण्याची घाई करू नये. प्रत्येक कौल खाली उतरवून ब्रशने शेवाळ काढावे आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. चांगले कौल खणखणीत वाजते, चीर गेलेले बद्द वाजते. बद्द वाजणारी कौले वेगळी काढून ती चुलीच्या बाजूला किंवा अळ्याच्या कडेला वापरावीत. आमच्या छपराचा दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग वळचणीसह सुमारे ३३० चौरस फूट भरला. १०० चौरस फुटांना १४० ते १५० कौले लागतात, या हिशेबाने ५०० कौले पुरावीत आणि वानरांसाठी आणखी पन्नास राखून ठेवावीत. वानरांचा उल्लेख विनोदाने केलेला नाही.

कौले उतरलेली असतानाच वासे आणि रिपा तपासाव्यात. स्क्रूड्रायव्हरचे टोक वाशाच्या टोकाला, विशेषतः भिंतीत शिरणाऱ्या भागाला दाबून पाहावे. टोक लोण्यात गेल्यासारखे गेले तर तो वासा काढावा. नवे लाकूड साग, ऐन, किंजळ किंवा फणसाचे घ्यावे. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण छपराला ते घेऊ नये, कारण कीड आणि वाळवी त्याच्यावर लवकर तुटून पडतात. भिंतीत शिरणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची कोकणातली पद्धत चांगली आहे, फक्त ते तेल कातडी जाळते, म्हणून रबरी हातमोजे घालूनच लावावे.

नुसत्या कौलांचे छप्पर गळत नसले तरी झडीच्या दिवसांत कौलांच्या सांध्यांतून बारीक तुषार आत येतात. गोठ्याला आणि भातेणाला ते चालत होते; पुस्तकांना आणि संगणकाला चालणार नाहीत. म्हणून वाशांवर आधी ८ मिलीमीटरचे सिमेंट बोर्ड बसवावे, त्यावर पाणी अडवणारा पडदा वळचणीकडून आढ्याकडे एकावर एक चढवत अंथरावा, त्यावर उताराच्या दिशेने इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकाव्यात आणि मग आडव्या रिपा व कौले घ्यावीत. उभ्या पट्ट्यांमुळे कौलांखाली शिरलेले पाणी पडद्यावरून वाहून वळचणीला पडते, आणि त्याच पोकळीतून एप्रिलची तापलेली हवा आढ्याकडे निघून जाते. पडद्याची वरची बाजू चकाकती असेल तर उष्णता परत फेकली जाते. मात्र तिच्यासमोर किमान इंचभर हवेची पोकळी नसेल तर त्या चकाकीचा काही उपयोग नाही. वळचणीकडे आणि आढ्याकडे पोकळीची तोंडे स्टेनलेसच्या बारीक जाळीने बंद करावीत, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात उंदीर आणि त्यांच्या मागोमाग साप तिथे येतात.

रिपांमधले अंतर पुस्तकातून घेऊ नये. हातातली दहा कौले जमिनीवर एकमेकांत बसवून मोजावीत आणि त्यावरून अंतर काढावे, कारण कारखान्यागणिक कौलाचे माप थोडे बदलते. उतार ३० अंशांपेक्षा कमी करू नये.

जमीन

मांगरात गुरे होती की नव्हती, याची चौकशी घरातल्या मोठ्यांकडे या टप्प्यावर करावी, कारण जमीन आणि भिंती या दोन्ही कामांची दिशा त्यावर ठरते. गुरे होती असे कळले तर आतली माती किमान फूटभर काढून परसाच्या दूरच्या कोपऱ्यात, माडांच्या मुळाशी घालावी. गोमूत्र मुरलेली ती माती माडांना चांगली, खोलीला वाईट. खणताना पाया किती खोल आहे ते एका कोपऱ्यात आधी पाहून घ्यावे. जुन्या मांगरांचे पाये उथळ असतात आणि पायाच्या तळाखाली खणणे धोक्याचे आहे.

उघडी जमीन ही वाळवीच्या औषधाची योग्य वेळ आहे. भारतीय मानकाप्रमाणे जमिनीच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण मुरवतात, म्हणजे या खोलीला सुमारे ७५ लिटर लागते, शिवाय भिंतीलगत अधिक. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. विहीर मांगराच्या जवळ किंवा उताराच्या खालच्या अंगाला असेल तर हे द्रावण पाण्यात उतरू शकते. तशा जागी जमिनीत औषध न मुरवता लाकडावरच्या उपायांवर आणि दर वर्षीच्या तपासणीवर भिस्त ठेवावी, असे माझे मत आहे.

त्यानंतर माती ठोकून सपाट करावी आणि काळ्या दगडाचे सहा इंचांचे सोलिंग करावे. इथे जांभ्याचे तुकडे भरण्याचा मोह होतो, कारण ते आवारातच पडलेले असतात, पण जांभा स्पंजासारखे पाणी वर ओढतो आणि मोठ्या काळ्या दगडांमधल्या पोकळीतून पाणी वर चढू शकत नाही. सोलिंगवर दोन इंच बारीक खडी पसरून तिची टोके दाबावीत, त्यावर २५० मायक्रॉनचे प्लास्टिक सांध्याला फूटभर एकावर एक घेऊन अंथरावे, भिंतीवर चार इंच वर वळवावे आणि मग तीन-चार इंचांचे काँक्रीट ओतावे. पाणसळीने समतल तपासताना दाराकडे हलका ढाळ ठेवला तर पुढे पुसताना पाणी साचत नाही. काँक्रीट निदान आठवडाभर भिजवत ठेवावे.

वरच्या फरशीबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असते. गुळगुळीत पॉलिश केलेली कोटा किंवा चकाकती टाइल जुलैत हमखास घामेजते. शेणाने सारवलेली जमीन घामेजत नसे, कारण ती हवेतली ओल थोडी पिऊन घेई आणि ऊन पडले की सोडून देई. तशीच थोडीफार वागणूक हवी असेल तर भाजलेल्या मातीच्या लाद्या किंवा चकाकी न आणलेला तांबडा कोबा निवडावा. लाकडी पट्ट्यांची किंवा लॅमिनेटची जमीन या हवेत फुगते, म्हणून ती घेऊ नये.

विजेची वायर, गिलाव्याच्या आधी

मुख्य घरातून मांगराकडे वीज नेताना झाडावरून लोंबणारी वायर नेण्याची पद्धत गावोगाव दिसते आणि वादळात माडाची एक झावळी पडली की तिचा निकाल लागतो. आर्मर्ड केबल ७५ सेंटिमीटर खोल चरात, वाळूच्या थरावर टाकून वर विटा आणि धोक्याची पट्टी ठेवून पुरावी, आणि तिचा मार्ग घराच्या भिंतीवर मापांसह लिहून ठेवावा, म्हणजे पाच वर्षांनी कोणी केळ लावताना तिच्यावर कुदळ घालणार नाही. मांगरात वीजवाटपाचा स्वतंत्र डबा हवा, त्यात प्रत्येक सर्किटला एमसीबी आणि सगळ्यांना मिळून, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. वायरमन त्याला अजूनही इएलसीबीच म्हणतात. ओल्या भिंतींच्या खोलीत हे उपकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, त्यावर पैसे वाचवू नयेत. साध्या सॉकेटना २.५ चौरस मिलीमीटरची आणि एसीला ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घ्यावी. कातळावर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. ते मापून घ्यावे, नुसते केले असे ऐकून घेऊ नये. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, म्हणून डब्यात सर्ज अडवणारे उपकरणही बसवावे.

जांभ्याच्या भिंतीत वायरींसाठी खाच पाडणे गिलाव्याच्या आधी उरकावे. जांभा मऊ असतो तेव्हा खाणीतून कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून काढतात आणि हवा लागली की तो टणक होतो. जुनी भिंत त्यामुळे कटरला वाटते तेवढी सोपी जात नाही, आणि छिन्नीने जोर केला तर चिऱ्याचा कोपराच उडतो. भिंतीवरून उघड्या पाइपातून वायर नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

भिंती

सन १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकांनी जांभ्याला विटेच्या लॅटिन नावावरून लॅटेराइट हे इंग्रजी नाव दिले, तेव्हा त्यांच्यासमोर तो विटेसारखा कापून वापरलेला होता. विटेसारखाच तो सच्छिद्रही आहे. जांभ्याच्या भिंतीत पाणी शिरू नये असा प्रयत्न कधी पूर्ण यशस्वी होत नाही. शिरलेले पाणी सहज बाहेर पडावे, एवढेच आपल्या हातात असते.

मी पहिल्या वर्षी हे न समजता आतून सिमेंटचा १५ मिलीमीटरचा गिलावा केला, त्यावर पुट्टी भरली आणि धुता येणारा रंग दिला. मे महिन्यात खोली चित्रासारखी दिसत होती. गणपतीच्या आदल्या आठवड्यात दार उघडले, तर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत रंगाला पापडासारखे फुगे आले होते. एक फुगा नखाने फोडला तेव्हा आतून पांढरी, बर्फाच्या चुऱ्यासारखी भुकटी बोटांवर आली. गवंड्याने सांगितले, लोणा लागला. त्याने फुगे खरवडून त्यावर पुन्हा सिमेंट मारण्याचा उपाय सांगितला आणि मी तोही केला. दुसऱ्या वर्षी ओल तीन फुटांवर चढली, कारण खालची वाट बंद झाल्यावर ती वरून बाहेर पडू लागली.

हा लोणा कोठून येतो, ते कळले की उपाय आपोआप सुचतो. गोमूत्रातल्या युरियापासून अमोनिया होतो, मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात आणि ते नायट्रेट पाण्यात विरघळून ओलीबरोबर भिंतीत चढते. पूर्वी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा याच कारणाने जुन्या गोठ्यांची माती धुऊन काढत असत. नायट्रेटच्या काही क्षारांचा गुण असा की, हवा पुरेशी दमट झाली की ते हवेतलेच पाणी ओढून घेऊन ओले होतात. त्यामुळे एक थेंब न गळता जुलैत भिंत पाझरते, आणि जानेवारीत तेच क्षार कोरडे होऊन स्फटिक बनतात, फुगतात आणि गिलावा फोडतात. जलरोधक रसायने ओल अडवतात, पण भिंतीत आधीच बसलेल्या क्षारांचे काहीच करत नाहीत.

म्हणून गुरांच्या मांगरात भिंतीचे काम तीन टप्प्यांत आणि घाई न करता करावे. प्रथम जुना गिलावा ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत काढून भिंत उघडी ठेवावी आणि नोव्हेंबर ते जानेवारी या कोरड्या वाऱ्यात तिला वाळू द्यावे. जाड भिंतीला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात, त्यामुळे नऊ इंची भिंत एका हिवाळ्यात पूर्ण वाळेल अशी अपेक्षा करू नये, पण वरचा थर वाळतो आणि क्षार पृष्ठभागावर येतात. ते कोरड्या ब्रशने झाडून, खाली कागद धरून गोळा करावेत. पाण्याने भिंत धुऊ नये, कारण पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात.

दुसरा टप्पा म्हणजे क्षार ओढून घेणारा लेप. कागदाचा लगदा आणि चिकणमाती पाण्यात कालवून तो ओला लेप अर्धा-पाऊण इंच जाडीने खालच्या तीन फुटांवर थापावा आणि पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवावा. वाळताना भिंतीतले पाणी लेपात येते आणि सोबत क्षार आणते. तडकलेला लेप काढून टाकावा, परसात कोठेही न घालता. दोन-तीन वेळा हे केले की लेपावर उमटणारी पांढरी पावडर कमी होत जाते, आणि ती पाहूनच थांबायचे की पुढे जायचे ते ठरवावे.

तिसरा टप्पा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. चुना विझवून, पाण्याखाली झाकून किमान १५ दिवस मुरवावा. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर उकळतो आणि उडालेला थेंब डोळा घालवू शकतो, म्हणून चश्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नये, आणि लहान मुलांना त्या दिवशी परसात येऊ देऊ नये. मुरलेला चुना एक भाग आणि चाळलेली, क्षार नसलेली नदीची वाळू तीन भाग घ्यावी; समुद्राची वाळू मुळीच घेऊ नये. खालच्या तीन फुटांत वाळूचा एक भाग कमी करून त्या जागी विटांची सुरखी घातली तर माल ओलीतही धरतो. भिंत आधी ओलसर करून पहिला थर सुमारे १२ मिलीमीटरचा द्यावा, तो घट्ट झाला की लाकडी रंध्याने खरवरीत करावा, आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडून सावलीत ठेवावा आणि मग दुसरा पातळ थर व शेवटी निरूचा (गाळलेल्या बारीक चुन्याचा) हात द्यावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो. पंखा लावून तो वाळवला तर त्याची नुसती भुकटी होते.

चुन्यात हात बसलेला गवंडी प्रत्येक गावात मिळत नाही. तो न मिळाल्यास सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ या प्रमाणात घेऊन गिलावा करावा. तो निव्वळ चुन्याइतका श्वास घेत नाही, पण निव्वळ सिमेंटपेक्षा पुष्कळ बरा. रंग म्हणून चुन्याच्या सफेतीचे तीन पातळ हात द्यावेत. हाताला थोडी पावडर लागते आणि पाहुणे पाठ टेकून बसले तर शर्ट पांढरा होतो, ही तक्रार खरी आहे. पलंगामागे एक चटई टांगली की ती मिटते.

खिडक्या

गुरांसाठी बांधलेल्या मांगराला एक दार आणि फूटभराचा झरोका असतो. दमट-उष्ण प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश असावे असे इमारत संहिता सांगते आणि त्यात दार धरत नाहीत. १६० चौरस फुटांच्या खोलीला सुमारे २७ चौरस फूट, म्हणजे तीन फूट चौरस अशा तीन खिडक्या लागतात. सरकत्या खिडकीची अर्धीच जागा उघडते हे लक्षात ठेवून शक्यतो बिजागरीच्या खिडक्या घ्याव्यात. जांभ्याच्या भिंतीत नवी खिडकी काढताना वर काँक्रीटची किंवा दगडाची कपाळपट्टी दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकवून आधी बसवावी आणि मगच खालचे चिरे काढावेत. दोन खिडक्या समोरासमोर, एक नैऋत्येला आणि एक ईशान्येला असल्यास मे महिन्यात दुपारी वारा खेळतो. नैऋत्येच्या खिडकीवर अडीच फुटांची झडप किंवा छज्जा हवाच. किनाऱ्याजवळ लोखंडी गज आणि बिजागऱ्या तीन-चार वर्षांत गंजून फुगतात आणि चौकट फोडतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेसचे सामान वापरावे. लाकडी दाराला हिवाळ्यात चपखल बसवू नये. पाव इंच सैल ठेवलेले दार जुलैत बरोबर बसते. प्रत्येक उघडत्या खिडकीला डासांची जाळी वेगळ्या चौकटीत लावावी, म्हणजे ती काढून धुता येते.

तक्तपोशी आणि सामान

कौलांखाली बोर्ड व पडदा घेतला असेल तर तक्तपोशीची गरज मुख्यतः उन्हाळ्यापुरती उरते. वाशांच्या खालच्या अंगाला फणसाच्या किंवा सागाच्या पट्ट्या मारल्या तर खोली देखणी होते, आणि पट्ट्यांच्या वर एक-दीड इंच जाडीचे एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे, तक्ते बसवले तर दुपारची धग बरीच कमी होते. एक्सपीएस पेट घेते, म्हणून त्याच्यावरून किंवा त्याला लागून वायर नेऊ नये. काचलोकर इथे वापरू नये. ती ओल धरते आणि उंदरांना ती आयती गादी वाटते. एका कोपऱ्यात दोन फूट चौरसाची झडप ठेवावी, म्हणजे कोठे गळले तर पट्ट्या न तोडता पाहता येते.

कपाटे भिंतीपासून दोन इंच पुढे आणि जमिनीपासून चार इंच वर ठेवावीत, त्यांच्या पाठी उघड्या ठेवाव्यात. पूर्वी कपाटात साधा पिवळा दिवा लावून ठेवत आणि त्याच्या उबेने बुरशी दूर राही. आताच्या एलईडीला ती ऊब नसते, त्यामुळे ती युक्ती आता चालत नाही.

पहिला पावसाळा

मृग लागण्याच्या पंधरा दिवस आधी सामान आत आणू नये; खोली रिकामी असतानाच पहिल्या सरी येऊ द्याव्यात. आढ्याच्या कौलांचे सांधे, खिडक्यांच्या कडा आणि केबल आत येण्याची जागा बॅटरी घेऊन पाहावी. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीच्या मधोमध टांगून सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत लिहावा. ६५ टक्क्यांच्या खाली बुरशी फारशी धरत नाही. आकडा ८० च्या वर राहू लागला की कागद, कातडे आणि गाद्या आठवड्यात डागाळतात. त्या दिवसांत खिडक्या उघडून हवा खेळती ठेवण्याचा नेहमीचा सल्ला उलट काम करतो, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. पाऊस थांबून ऊन पडलेल्या दुपारी दोन तास खिडक्या उघडाव्यात आणि एरवी बंद करून हवेतली ओल काढणारे यंत्र किंवा एसी कोरड्या मोडवर चालवावा. यंत्राचा डबा जुलैत दिवसातून दोनदा भरला तरी घाबरू नये. ऑगस्टअखेर तो एकदाच भरू लागला तर भिंती वाळू लागल्या असे समजावे.

पहिल्या दोन वर्षांत खालच्या फुटभरात चुन्याचा गिलावा कोठेतरी पावडर होऊन सुटेलच. उरलेले क्षार त्या थरात येऊन बसतात आणि तो थर आपण होऊन झिजतो, म्हणजे दगड झिजत नाही. ऑक्टोबरात तेवढा तुकडा कोरडा खरवडून नव्या मालाने भरावा. त्यासाठी मुरलेल्या चुन्याची एक बादली, वर चार बोटे पाणी ठेवून आणि झाकण घट्ट लावून, मांगराच्या मागच्या वळचणीखाली कायम ठेवलेली बरी.